हौदातला गप्पी का मरत नाही?

आमच्या सायखेड्यासारख्या गावांत पावसाळ्याच्या सुमारास आरोग्य खात्याची माणसं येतात आणि गुरांच्या हौदात, सिमेंटच्या जुन्या टाक्यांत गप्पी मासे सोडून जातात. त्यांनी डासांच्या अळ्या खाव्यात, एवढीच अपेक्षा. नंतर त्यांच्याकडे कुणी ढुंकून बघत नाही. हौदाला फिल्टर नाही, हवेचा पंप नाही, पाणी हिरवट, कडांना शेवाळ, तळाला बोटभर गाळ. वर्षभराने वाकून बघावं तर गप्पींच्या दोन-तीन पिढ्या नांदत असतात. हाच गप्पी शहरातल्या फ्लॅटमध्ये निळ्या दिव्याच्या, बुडबुडे सोडणाऱ्या, आरशासारख्या स्वच्छ काचपेटीत पंधरा दिवसांत पोट वर करून तरंगतो.

यावर आपल्याकडे तयार उत्तरं आहेत. एक, पाणी खराब झालं असेल, बदला. दोन, मासा नाजूक होता. तिसरं उत्तर वास्तूवाल्यांचं: घरावर येणारं संकट माशाने स्वतःच्या अंगावर घेतलं. आठ सोनेरी आणि एक काळा अशी नऊ माशांची जोडणी दिवाणखान्यात ठेवायची, त्यातला एखादा दर महिन्याला मरायचा आणि आपण संकट टळलं म्हणून हात जोडायचे. या तिसऱ्या उत्तराचा मला सगळ्यात जास्त राग येतो. त्यात माशाच्या मरणाचं कारण शोधायची गरजच उरत नाही. मेलेला मासासुद्धा सेवेत रुजू होतो.

कारण साधं आहे आणि शाळेच्या रसायनशास्त्रात बसतं. मासा आपल्या कल्ल्यांतून अमोनिया बाहेर टाकतो. उरलेलं खाद्य आणि विष्ठा कुजूनही अमोनियाच होतो. तो रंगहीन असतो, म्हणून पाणी नितळ दिसत असतानाच मासा गुदमरत असतो. निसर्गात दोन गोष्टी त्याची विल्हेवाट लावतात. एक, जिवाणू: काही जिवाणू अमोनियाचं नायट्राइट करतात, काही नायट्राइटचं नायट्रेट करतात, आणि नायट्रेट त्यामानाने बरंच सौम्य असतं. दुसरी, वनस्पती: त्या अमोनिया थेट खत म्हणून शोषतात. हे जिवाणू मोकळ्या पाण्यात फारसे नसतात. ते वाळूवर, दगडांवर, फिल्टरच्या स्पंजवर थर धरून राहतात. नव्या पेटीत हा थर जमायला काही आठवडे लागतात.

आता आपली रविवारची सफाई आठवा. मासे बादलीत काढायचे, सगळं पाणी ओतून द्यायचं, खडे नळाखाली चोळून धुवायचे, स्पंज पांढरा होईपर्यंत पिळायचा आणि क्लोरीन असलेलं ताजं पाणी भरायचं. जिवाणूंची जी वस्ती बसायला महिना लागला, ती तासाभरात उठवायची. सोमवारी पेटी पुन्हा पहिल्या दिवसावर. बुधवारी मासा मेला की पुढच्या रविवारी आणखी जोरात घासायचं. हौदातला गप्पी जगतो, कारण त्याचा हौद असा कुणी घासत नाही.

पण हा अर्धाच मुद्दा झाला. उरलेला अर्धा आकड्यांचा आहे. सहा फूट लांब, तीन फूट रुंद, अडीच फूट खोल हौदात साडेबाराशे लिटरच्या वर पाणी मावतं. दोन फूट बाय एक फूट बाय एक फूट पेटी काठोकाठ भरली तरी 56 लिटर. खडे आणि वरची मोकळी जागा वजा करता 45 धरा. हौदात किती मासे जगायचे हे तिथलं अन्न ठरवतं. पेटीत ते आपली हौस ठरवते, आणि अन्न आपण डब्यातून ओततो. पेटीत नायट्रोजन शिरायचा मुख्य दरवाजा हा डबा आहे. खाद्यात 40 टक्के प्रथिनं धरली, प्रथिनात साधारण 16 टक्के नायट्रोजन असतो, तर एक ग्रॅम खाद्यात 64 मिलिग्रॅम नायट्रोजन झाला. तो सगळा अमोनियात उतरला तर 45 लिटरमध्ये लिटरमागे 1.4 मिलिग्रॅम. काही भाग माशाच्या अंगी लागतो, म्हणून थोडा कमी धरा. पण हे एका दिवसाचं झालं. आपल्या बोअरच्या जड, अल्कधर्मी पाण्यात अमोनियाचा विषारी हिस्सा वाढतो, उन्हाळ्यात आणखी वाढतो, आणि गरम पाण्यात विरघळलेला प्राणवायूही कमी असतो.

म्हणून मी म्हणतो की फिल्टर, पंप, रंगीत औषधाच्या बाटल्या, पाणी ‘क्लिअर’ करणारे थेंब यांचा धंदा बहुतांशी एका प्रश्नाला बगल देण्यावर चालतो: या पाण्यात इतके मासे का? सॉफ्टवेअरच्या धंद्यात सर्व्हर दमला की आणखी एक सर्व्हर लावण्याचा मोह सगळ्यांना होतो. भार कुठून येतोय हे बघायचा कंटाळा असतो. इथेही तेच. जास्त मासे झेपावेत म्हणून यंत्र, यंत्र आहे म्हणून आणखी चार मासे.

दुसरा रस्ता नवा नाही. लंडनमध्ये 1850 साली रॉबर्ट वॉरिंग्टन या रसायनतज्ज्ञाने आपला प्रयोग मांडला होता: काचेच्या भांड्यात दोन छोटे गोल्डफिश, वॅलिस्नेरियाचं रोप आणि कुजकी पानं खायला गोगलगायी. विजेचा पंप नव्हता, फिल्टर नव्हता. अमेरिकेतल्या डायना वॉलस्टड यांनी 1999 मध्ये आलेल्या पुस्तकात हाच विचार शास्त्रीय आधारानिशी मांडला. तळाला इंचभर साधी माती, तिच्यावर इंचभर बारीक खडी, पहिल्या दिवसापासून भरपूर झाडं, खिडकीचा किंवा साध्या दिव्याचा उजेड आणि मोजके मासे. त्यात आपल्या घराघरातल्या मनी प्लांटची भर घाला. त्याची मुळं पाण्यात आणि पानं बाहेर राहिली की तो नायट्रेट खात वाढतो.

मात्र ‘नैसर्गिक’ म्हणजे निरुपद्रवी, हा समज निफाड तालुक्यात तरी करू नये. द्राक्षबागेतली माती आणून पेटीत घालू नका. डावणीसाठी वर्षानुवर्षं बोर्डो मिश्रण फवारलेलं असतं, म्हणजे मोरचूद, म्हणजे तांबं. ते मातीत साचून राहतं आणि गोगलगायी, झिंगे आणि मासे यांना घातक ठरतं. शेणखत घातलेली मातीही नको. ती पहिल्याच आठवड्यात पाण्यात अमोनिया सोडते.

यावर आक्षेप येतो की हे आळशी लोकांचं तत्त्वज्ञान आहे. तसं नाही. उडालेलं पाणी भरावं लागतं, वाढलेली झाडं छाटावी लागतात, अधूनमधून थोडं पाणी बदलावं लागतं. रात्री झाडंही प्राणवायू वापरतात, त्यामुळे पहाटे मासे पृष्ठभागावर तोंड काढत असतील तर पंप लावावा. मी पंपाचा शत्रू नाही. आणि गोल्डफिश ज्यांना हवेतच त्यांनी मोठी टाकी आणि दणकट फिल्टर घ्यावा, कारण तो वीतभर वाढतो आणि खूप घाण करतो. गोल बरणीत गोल्डफिश ठेवणं ही क्रूरता आहे, मग बरणी कितीही सुंदर असो. कष्ट वाचवणं हा फायदा दुय्यम आहे. खरं कष्टाचं काम आधीच करायचं असतं, दुकानात उभं राहून ‘आणखी नको’ म्हणायचं.

ते न म्हणण्याची किंमत पेटीतच संपत नाही. ‘टाकी साफ करणारा मासा’ म्हणून जो सकर विकतात तो फूटभराच्या वर वाढतो. पेटीत मावेनासा झाला की दयाळू मालक त्याला नदीत सोडतो. उजनीच्या मच्छीमारांच्या जाळ्यात हा काटेरी, न विकला जाणारा मासा येतो तो कुणाच्या तरी दयेपोटीच. गप्पीसुद्धा मूळचा दक्षिण अमेरिकेचा. तो हौदात ठीक, ओढ्यात नाही.

दक्षिण अमेरिकेतूनच शोभेसाठी आलेली आणखी एक गोष्ट सायखेड्याला चांगली ठाऊक आहे: पाणवेल. गोदावरीतून वाहत आलेल्या पाणवेली आमच्या पुलाला अडकतात, पूर आला की धास्ती वाढते. वर नाशिक शहर, खाली नांदूरमध्यमेश्वरचा बंधारा, जिथल्या पाणथळीला 2020 मध्ये महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ म्हणून मान मिळाला. पाणवेल काढायला यंत्रं येतात, ढीग काठावर कुजतात, त्यातलं खत पावसाने पुन्हा नदीत जातं आणि वेल परत येते. ती येणारच. पेटीत मनी प्लांट जे काम करतो तेच ती नदीत करते: वरून आलेल्या सांडपाण्यातला नायट्रोजन आणि फॉस्फरस खाते. तिला शिव्या देणं म्हणजे खाद्याचा डबा उघडा ठेवून शेवाळावर चिडणं. वेल काढावीच लागेल, पुलाच्या जिवावर उठली तर तातडीने. पण ती काढली म्हणजे नदी स्वच्छ झाली, हे रविवारच्या सफाईचंच गणित आहे.

नदीचा डबा बंद करणं एकट्यादुकट्याच्या हातात नाही. पेटीचा आहे. आधी माती, झाडं आणि पाणी भरून चार-सहा आठवडे थांबा. मग चार-पाच गप्पी आणा, शक्यतो सगळे नर, म्हणजे पिल्लांची गर्दी होणार नाही. दिवसातून एकदा, दोन मिनिटांत संपेल एवढंच खायला घाला. अमोनिया मोजायचं छोटं किट मिळतं. बाजारातल्या सगळ्या बाटल्यांपैकी एकच घ्यायची असेल तर ती घ्या, आणि पाचवा मासा आणायच्या आधी ते वापरा.