बाण एकाच दिशेने का?

संसर्गजन्य रोग शिकवताना फळ्यावर आपण सगळेच एक बाण काढतो. इकडे प्राणी, तिकडे माणूस, आणि बाणाचं टोक माणसाकडे. मीही वर्षानुवर्षं तेच केलं. मागच्या वर्षी आठवीतल्या एका मुलीने विचारलं, "बाई, आपल्यामुळे माकडाला काही होत नाही का?" मी "होतं की" म्हणाले आणि पुढे गेले. चुकलंच माझं. माकडांच्या बाबतीत हा उलटा बाण आधी शिकवायला हवा, असं आता माझं स्पष्ट मत आहे.

शिगेला या जिवाणूचंच बघा. त्याच्यामुळे रक्ती आव होते. 1897 मध्ये जपानात आमांशाची साथ आली, तेव्हा कियोशी शिगा यांनी तो शोधला. गाय, कुत्रा, मांजर यांच्यात तो सहसा टिकत नाही. त्याला माणूस लागतो, नाहीतर माणसाचे जवळचे नातलग, म्हणजे माकडं. शिवाय 10 ते 100 जिवाणू पोटात गेले तरी आजार होऊ शकतो. शौचाहून आलेल्या मुलाने हात न धुता बिस्किट मोडून माकडापुढे टाकलं, तर त्यासोबत काय जात असेल याचा विचार करा. पिंजऱ्यातल्या माकडांना शिगेलामुळे जुलाब होतात. धडधाकट दिसणारं माकडही विष्ठेतून जिवाणू टाकत राहू शकतं, आणि मग सांभाळणाऱ्यालाच आव होते. बाण फिरून आपल्याकडेच आला!

क्षयाचंही तसंच. त्याचा जिवाणू रॉबर्ट कॉख यांनी 1882 मध्ये दाखवला, हे मुलांना पाठ असतं. पण माणसांपासून दूर असलेल्या रानातल्या माकडांत माणसाचा क्षय सहसा आढळत नाही, हे आपण सांगत नाही. पकडून माणसांजवळ ठेवलं की आपल्या खोकल्यातून त्यांना तो लागतो, आणि रीसस माकडात तर झपाट्याने वाढतो.

वर्गात इथे कुणीतरी "माकडताप" म्हणतंच. सिंधुदुर्ग, गोव्याकडच्या शिक्षकांना हे ठाऊक असेल. तो विषाणूचा आजार आहे, जिवाणूचा नव्हे. पसरतो गोचिडीमुळे, आणि त्यात माकडं स्वतःच मरतात. बिचाऱ्यांचं नाव मात्र कायमचं बदनाम झालं.

आता सहलीबद्दल. काही पालक डब्याबरोबर "माकडांसाठी" म्हणून चण्याची पुडी देतात. त्यामागची श्रद्धा मला कळते, माझी आईही द्यायची. तरीही माझा या पुडीला विरोध आहे. माकडाला आपल्या खाऊची गरज नसते. सवय लागली की ते हातातली पिशवी ओढतं, आणि ओढाताणीत चावतं.

चावलं किंवा ओरखडलं तर हळद, तिखट, चुना काही लावू नका. जखम साबणाने वाहत्या पाण्याखाली 15 मिनिटं धुवा. माकडाच्या तोंडातले जिवाणू जखमेत जातात, म्हणून त्याच दिवशी दवाखाना गाठा. रेबीजची लस, धनुर्वाताचं इंजेक्शन, प्रतिजैविक यांतलं काय लागेल ते डॉक्टर ठरवतील. "साधा ओरखडा आहे, उद्या बघू" हे नको.

यंदाच्या सहलीच्या पत्रात मी एक ओळ वाढवली आहे: माकडांसाठी खाऊ देऊ नये, त्याऐवजी साबणाची वडी द्यावी.