जुन्या गिऱ्हाइकाचा हिशेब

३१ मार्चला सगळेच हिशेब मिटवतात. युबिसॉफ्ट या फ्रेंच व्हिडिओ गेम कंपनीचे आर्थिक वर्षही याच दिवशी संपते, आणि २०२४ च्या ३१ मार्चला तिने ‘द क्रू’ या आपल्या गेमचाही हिशेब मिटवून टाकला. डिसेंबर २०१४ मध्ये आलेला हा मोटारशर्यतींचा गेम. न्यूयॉर्कपासून लॉस एंजेलिसपर्यंत, आटोपशीर करून मांडलेल्या अमेरिकेत गाडी पळवायची. एकट्याने खेळायचे म्हटले तरी कंपनीच्या सर्व्हरशी जोडलेले राहणे भाग होते. सर्व्हर बंद झाले तसा गेमही संपला. ज्यांनी डबीतली डिस्क विकत घेतली, त्यांची डिस्क आता यंत्रात नुसती फिरते. पुढच्याच महिन्यात अनेकांच्या खात्यांतूनही त्याचा परवाना काढून घेण्यात आला आणि त्या जागी सूचना आली: हा गेम आता तुम्हाला वापरता येणार नाही, पुढच्या साहसांसाठी आमच्या दुकानात डोकावून पाहा. पैसे परत मिळाले ते नुकतीच खरेदी केलेल्यांना. पहिल्या दिवसापासून खेळणाऱ्याच्या हाती मात्र दुकानाचा पत्ता.

गरज सरो, वैद्य मरो, एवढे म्हणून हा विषय सोडता येईल. पण इमानी गिऱ्हाइकाची परवड गेम बंद पडतो तेव्हा सुरू होत नाही. ती खरेदीच्या दिवशीच सुरू झालेली असते. महिनोन्‌महिने आधी प्री-ऑर्डर करणारा पूर्ण किंमत मोजतो आणि त्याच्या पदरी पडतो तो सर्वांत कच्चा गेम. वर्ष-दोन वर्षे थांबून सेलमध्ये घेणाऱ्याला डागडुजी झालेला, जास्तीचे भाग जोडलेला तोच गेम अर्ध्या किमतीत मिळतो. ‘सायबरपंक २०७७’ आठवा. १० डिसेंबर २०२० ला तो आला. प्लेस्टेशन ४ वर इतका अडखळत होता, की आठवडाभरातच सोनीने तो आपल्या दुकानातून काढला आणि पैसे परत देऊ केले. पुढे गेम बनवणाऱ्या कंपनीने खरोखर मेहनत घेतली. सप्टेंबर २०२३ मधल्या २.० अपडेटने गेमचा कायापालट झाला. पण ते अपडेट प्लेस्टेशन ४ साठी नव्हतेच! ज्यांच्या भरवशावर पहिल्या दिवसाचा गल्ला भरला, त्यांना तो कायापालट पाहायला नवे यंत्र घ्यावे लागले. उतावळ्यांची चूक म्हणावी, तर उतावीळ करणाऱ्या जाहिराती कोणाच्या?

उलट उदाहरण नाही असे नाही, आणि ते नामी आहे. २०११ मध्ये निन्टेंडोने ‘३डीएस’ हे हातात धरून खेळायचे यंत्र अमेरिकेत अडीचशे डॉलरना आणले. खप होईना, म्हणून ऑगस्टमध्येच किंमत एकशे सत्तरवर उतरवली. आधी घेतलेल्यांचा संताप होणार हे उघड होते. कंपनीने त्यांना ‘अँबेसेडर’ ठरवून २० जुने गेम फुकट दिले. त्यांपैकी १० तर ३डीएसवर इतर कोणाला विकतही मिळाले नाहीत. कंपनीचे अध्यक्ष सातोरू इवाता यांनी स्वतःचा पगार निम्म्यावर आणला. मन मोठे होतेच, पण यंत्र पडून राहण्याची भीतीही होती. आपल्याकडेही तेच दिसले. २०२० मध्ये ‘पबजी मोबाइल’वर बंदी आली आणि २०२१ मध्ये तोच खेळ ‘बीजीएमआय’ नावाने परतला, तेव्हा जुन्या खेळाडूंना विकत घेतलेले पोशाख आणि बंदुकांच्या स्किन्स नव्या खात्यात आणू दिल्या गेल्या. तुटलेले गिऱ्हाईक परत हवे होते ना!

तेव्हा प्रकाशक बक्षीस देतात ते निष्ठेला नव्हे, तर निसटू पाहणाऱ्याला. जो जाणार नाही याची खात्री, त्याच्यावर खर्च कशाला?

सर्व्हर चालवायला पैसा लागतो, हे कंपन्यांचे म्हणणे खरेच आहे. तो कायम चालवा, असे शहाणा गेमर म्हणतही नाही. ‘द क्रू’ बंद झाल्यावर रॉस स्कॉट या यूट्यूबरने ‘स्टॉप किलिंग गेम्स’ ही मोहीम सुरू केली. तिची मागणी एवढीच, की दुकान बंद करताना विकलेला गेम खेळता येईल अशा अवस्थेत सोडून जा. जुलै २०२५ मध्ये तिच्या युरोपीय अर्जाने दहा लाख सह्यांचा टप्पा ओलांडला. हे अशक्य असते, तर ओरड झाल्यावर युबिसॉफ्टनेच ‘द क्रू २’ला ऑफलाइन खेळण्याची सोय दिली नसती. कॅलिफोर्नियात २०२५ पासून कायदा लागू झाला आहे: गिऱ्हाइकाला मिळतो तो गेम नव्हे, त्याचा परवाना, हे विक्रेत्याने खरेदीपूर्वी सांगायचे. त्याने निदान फसगत कमी होईल, बंद पडणारा गेम वाचणार नाही.

पुण्या-नाशकातला मुलगाही आज प्लेस्टेशन ५ च्या एका नव्या गेमला हजारो रुपये मोजतो. आपल्या २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात ई-कॉमर्सच्या व्याख्येत डिजिटल वस्तूही येतात. पण विकलेली वस्तू विक्रेत्यानेच दुरून बंद केली तर काय, याची स्वतंत्र तरतूद त्यात नाही. ती करावी, आणि तोवर निदान किमतीशेजारी, सर्व्हर किमान कोणत्या तारखेपर्यंत चालू राहील, हे छापायला लावावे. औषधाच्या पाकिटावर ती तारीख असतेच.