निवाडा कोणी दिला? ब्लू-रे विरुद्ध एचडी डीव्हीडी

१/ १९ फेब्रुवारी २००२ रोजी सोनी, फिलिप्स आदी नऊ कंपन्यांनी ब्लू-रे या नव्या तबकडीची घोषणा केली. बरोबर सहा वर्षांनी, १९ फेब्रुवारी २००८ रोजी, तोशिबाने प्रतिस्पर्धी एचडी डीव्हीडीतून माघार जाहीर केली. ‘सरस तंत्रज्ञान जिंकले’ हा या लढ्याचा रूढ निष्कर्ष. तो पुराव्यावर टिकत नाही. #थ्रेड

२/ दोन्ही तबकड्यांचा पाया एकच होता: ४०५ नॅनोमीटर तरंगलांबीचा निळा-जांभळा लेझर. डीव्हीडीचा तांबडा लेझर ६५० नॅनोमीटरचा. तरंगलांबी जितकी कमी, तितका प्रकाशाचा ठिपका बारीक आणि तितकीच अधिक माहिती त्याच जागेत मावते.

३/ भेद होता तो रचनेत. ब्लू-रेमध्ये माहितीचा थर पृष्ठभागापासून अवघ्या ०.१ मिलिमीटरवर असे. एका थराची क्षमता २५ जीबी. एचडी डीव्हीडीत तो डीव्हीडीप्रमाणेच ०.६ मिलिमीटर खोल. क्षमता १५ जीबी. मात्र डीव्हीडीच्या जुन्या कारखान्यांतच, थोड्या फेरबदलांनिशी, तिचे उत्पादन करता येई. एकीकडे क्षमता, तर दुसरीकडे काटकसर.

४/ पडद्यावर दोन्हींची प्रतिमा १०८० ओळींचीच. किमतीत मात्र मोठी तफावत होती. २००६ मध्ये अमेरिकेत तोशिबाचा पहिला प्लेअर ४९९ डॉलरना, तर सॅमसंगचा पहिला ब्लू-रे प्लेअर ९९९ डॉलरना मिळत होता. निव्वळ ग्राहकाच्या खिशाने कौल द्यायचा असता, तर तो ब्लू-रेला खचितच मिळाला नसता.

५/ मग पारडे फिरले कसे? नोव्हेंबर २००६ मध्ये आलेल्या प्लेस्टेशन ३ मध्ये सोनीने ब्लू-रे अंगभूतच दिली. मायक्रोसॉफ्टने एक्सबॉक्स ३६० साठी एचडी डीव्हीडीचे जोडयंत्र वेगळे विकले. खेळांसाठी घेतलेल्या यंत्राबरोबर ब्लू-रे आपसूक घरोघरी पोहोचली.

६/ दुसरे रणांगण हॉलिवूडचे. ऑगस्ट २००७ मध्ये पॅरामाउंट एचडी डीव्हीडीच्या गोटात गेली. ४ जानेवारी २००८ रोजी वॉर्नरने यापुढे केवळ ब्लू-रेच काढण्याचा निर्णय जाहीर केला. १५ फेब्रुवारीला वॉलमार्टनेही तोच मार्ग धरला. चार दिवसांत तोशिबाने शस्त्रे ठेवली.

७/ यावर आक्षेप असा की, २००७ मध्ये ब्लू-रे तबकड्यांचा खप अधिक होता. वॉर्नरने लोकांचाच कल ओळखला. आक्षेप रास्त आहे. परंतु तो कल घडवण्यात खेळयंत्राचा वाटा मोठा होता, आणि चित्रपट कोणत्या तबकडीवर मिळणार हे प्रेक्षकाच्या हाती कधीच नव्हते.

८/ हा लढा अटळही नव्हता. १९९५ मध्ये सोनी-फिलिप्स आणि तोशिबाप्रणीत गट असेच समोरासमोर उभे होते. आयबीएमसह संगणक उद्योगाने एकाच मानकाचा आग्रह धरला. तडजोड झाली आणि डीव्हीडी जन्मली. २००५ मध्ये एकीकरणाची बोलणी पुन्हा झाली, पण ती फिसकटली.

९/ त्या हटवादाची किंमत ग्राहकांनी मोजली. एचडी डीव्हीडी घेणाऱ्यांची यंत्रे चालू राहिली, पण त्यांच्यासाठी नवे चित्रपट येणे थांबले. लढाई ऐन भरात असताना, जानेवारी २००७ मध्ये, नेटफ्लिक्सने इंटरनेटवरून चित्रपट दाखवणे सुरू केले होते. विजेत्या तबकडीला तिचे राज्य मिळाले, तेव्हा त्याला ओहोटी लागण्याची चिन्हे दिसू लागली होती.

१०/ म्हणून तंत्रज्ञानाचा इतिहास वाचताना ‘काय सरस होते?’ एवढ्यावर थांबू नये. ‘निवड करण्याचा अधिकार कोणाकडे होता?’ हा प्रश्न अधिक मोलाचा आहे. #इतिहास #मराठी