चाळिशी आणि पाच लाखांचं कार्ड

मागच्या रविवारी सांगलीहून मामाचा फोन. "तू कम्प्युटरवाला ना? मग बघून सांग की, सांगली-मिरजेत आयुष्मान कार्डावर चष्मा करून देणारा कोण आहे?"

मामाचं गावभागात शिलाईचं छोटंसं दुकान आहे. वय बावन्न. गेली दोन-तीन वर्षं सुईत दोरा मामी ओवून देते. हातशिलाईचं बारीक काम त्याने घेणंच बंद केलंय. म्हणजे ज्यात चार पैसे सुटायचे, नेमकं तेच.

म्हटलं, दहा मिनिटांचं काम. योजनेतली हॉस्पिटलं शोधली, एका ठिकाणी फोन लावला.

"पेशंट अ‍ॅडमिट करायचाय का?"

"नाही हो, डोळे तपासून चष्मा करायचाय."

"मग कार्ड चालत नाही."

चूक त्यांची नव्हती. महात्मा फुले जन आरोग्य योजना काय किंवा आयुष्मान भारत काय, दोन्हींची रचनाच हॉस्पिटलात दाखल होण्याभोवती आहे. २०२३ च्या निर्णयाने फुले योजना राज्यातल्या सगळ्या कुटुंबांना खुली झाली, संरक्षण वर्षाला दीड लाखावरून पाच लाखांवर गेलं. चांगलंच झालं. पण पाच लाखांच्या कार्डावर पाचशेचा चष्मा मिळत नाही! आपल्या भाषेत सांगायचं तर हा बग नाही, स्पेकच तसा आहे.

सरकार डोळ्यांसाठी काहीच करत नाही असंही नाही. राष्ट्रीय अंधत्व नियंत्रण कार्यक्रम १९७६ पासून चालू आहे. साताऱ्यात माझ्या आजीच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन सरकारी दवाखान्यात एक रुपया न घेता झालं. याच कार्यक्रमातून शाळेतल्या मुलांना मोफत चष्मे मिळतात, ज्येष्ठांसाठीही तरतूद आहे. अडकतो तो मधला माणूस. शाळा सुटलेली, मोतीबिंदू अजून यायचाय... तोवर तुमचं तुम्ही बघा! आणि मराठीत तर जवळच्या चष्म्याला आपण 'चाळिशी'च म्हणतो. जे आपल्या भाषेला कधीपासून माहीत आहे, ते विम्याला का माहीत नसावं?

बरं, हे लाड नाहीत. २०१८ साली आसामच्या चहामळ्यांतल्या चाळिशी ओलांडलेल्या कामगारांवरचा एक अभ्यास 'लॅन्सेट ग्लोबल हेल्थ'मध्ये आला होता. ज्यांना जवळचा चष्मा दिला त्यांची पानं खुडण्याची क्षमता, न दिलेल्यांच्या तुलनेत सुमारे २२ टक्क्यांनी जास्त वाढली. इंग्लंडात तर १९५१ मध्ये सरकारी आरोग्यसेवेतल्या चष्म्यांवर आणि कवळ्यांवर शुल्क लावायचं ठरलं, तेव्हा ती सेवा उभी करणारे मंत्री बेव्हन यांनी राजीनामा दिला होता.

फुकट चष्मे म्हटले की खोटी बिलं येतील, हा आक्षेप मला मान्य आहे. मग ठरावीक रकमेचं कूपन द्या, दोन वर्षांतून एकदा, साध्या काचांसाठी. ऑप्टोमेट्रिस्ट हा व्यवसाय २०२१ च्या केंद्रीय कायद्याच्या कक्षेत आलेला आहेच. त्यांची तालुकावार नोंद करून त्यांना योजनेत घ्या. कार्ड आहे, आधार आहे, मशीन आहे. सॉफ्टवेअरचं काम तर किरकोळ आहे, विश्वास ठेवा. :)

तुमच्या-माझ्या कंपनीच्या मेडिक्लेममध्येही बहुतेक चष्मा नसतोच. पण आपण कार्ड स्वाइप करतो आणि विसरून जातो, म्हणून हा प्रश्न आपल्याला दिसतच नाही.

असो. शेवटी मी मामाला पैसे पाठवले. संध्याकाळी त्याने ते परत पाठवले. म्हणाला, "माझा मी करतो रे. पण तू शोधायचं सोडू नकोस. गल्लीत अजून चौघं आहेत."