हसू आणि हसे

मुल्ला नसरुद्दीनच्या गोष्टी तुम्ही वाचल्या असतीलच. अरब देशांत अशाच गोष्टी जुहा नावाच्या माणसाच्या सांगतात. एकदा जुहा दहा गाढवे घेऊन बाजाराला निघाला. वाटेत एका गाढवावर बसून त्याने बाकीची गाढवे मोजली. भरली नऊ! घाबरून तो खाली उतरला व पुन्हा मोजली, तर दहा. वर बसला की नऊ, उतरला की दहा. शेवटी जुहाने ठरवले, एक गाढव हरवण्यापेक्षा पायी चाललेले बरे!

या गोष्टीला आपण हसतो. पण जरा विचार करा. आपणही असेच मोजत नाही का? दुसऱ्याचे दोष आपण बोटांवर मोजतो. ज्या दोषावर आपण स्वतः बसलेले असतो, तो तेवढा मोजायचा राहून जातो. दोन समाजांतील दुरावा पुष्कळदा इथूनच सुरू होतो.

अरब आणि अमेरिकन लोकांचे पाहा. ११ सप्टेंबर २००१ रोजी अमेरिकेवर दहशतवादी हल्ला झाला. जवळजवळ तीन हजार माणसे मारली गेली. हल्लेखोर अरब होते. त्यामुळे अमेरिकेत राहणाऱ्या लाखो निरपराध अरबांकडेही लोक संशयाने पाहू लागले. हा संशय तसा जुनाच होता. जॅक शाहीन या अभ्यासकांनी ९०० हून अधिक चित्रपट तपासले. त्यांतील बहुतेक चित्रपटांत अरब माणूस खलनायक, रानटी किंवा मूर्ख दाखवला होता. दुसरीकडे, २००३ मध्ये अमेरिकेने इराकवर हल्ला केला. तेथील कितीतरी मुलांनी पाहिलेला पहिला अमेरिकन माणूस म्हणजे बंदूकधारी सैनिकच होता. दोघांनाही एकमेकांचे घर माहीत नव्हते. माहीत होती ती फक्त भीती.

अशा वेळी काही कलाकारांनी वेगळी वाट धरली. एकट्याने रंगमंचावर उभे राहून लोकांना हसवण्याची कला अमेरिकेत फार लोकप्रिय आहे. मेसून झायिद आणि डीन ओबैदल्ला या दोघांनी २००३ मध्ये न्यूयॉर्क येथे अरब-अमेरिकन विनोदी कलाकारांचा महोत्सव सुरू केला. त्याआधी, २००२ मध्ये, राष्ट्राध्यक्ष जॉर्ज बुश यांनी इराक, इराण आणि उत्तर कोरिया या देशांना ‘दुष्टांची धुरी’ म्हटले होते. ओबैदल्ला, अहमद अहमद आणि त्यांच्या सोबत्यांनी हेच नाव आपल्या कार्यक्रमाला देऊन टाकले! शिवीचेच त्यांनी पागोटे केले. अहमद यांचे नाव पोलिसांना हव्या असलेल्या एका माणसाच्या नावाशी जुळत होते. त्यामुळे विमानतळावर त्यांना वारंवार अडवले जाई. हा अपमान त्यांनी रडून सांगितला नाही. हसत हसत सांगितला. ऐकणारे अमेरिकन आधी हसले आणि मग त्यांना स्वतःचीच थोडी लाज वाटली. २००७ मध्ये हे कलाकार अरब देशांतही गेले. तेथील श्रोतेही स्वतःवरचे विनोद ऐकून पोट धरून हसले.

कोणी म्हणेल, विनोद ही तर अमेरिकेची देणगी. तसे मुळीच नाही. नवव्या शतकात बसरा येथील अल्-जाहिज या थोर लेखकाने कंजूष माणसांवर एक मोठे विनोदी पुस्तक लिहिले होते. स्वतःला हसणे अरबांना नवे नाही.

विनोदाने मने का जुळतात? ‘आम्ही वाईट नाही’ असे भाषण केले, तर ऐकणारा मनाचे दार लावून घेतो. घरातली गोष्ट सांगितली, तर तो दार उघडतो. मेसून झायिद यांचे आईवडील पॅलेस्टिनी. मेसून यांना लहानपणापासून एक व्याधी आहे. त्यामुळे त्यांचे अंग सतत हलते. मुलीला चालता यावे म्हणून वडील तिचे पाय स्वतःच्या पावलांवर ठेवून चालत. ही आठवण मेसून लोकांना हसवता हसवता सांगतात. तेव्हा ऐकणाऱ्याला समोर ‘अरब’ दिसत नाही, एक बाप दिसतो.

मात्र एक गोष्ट लक्षात ठेवा. हसू आणि हसे यांत फरक आहे. दुसऱ्याबरोबर हसलो, तर दोघांचेही मन हलके होते. दुसऱ्याचे हसे केले, तर त्याच्या मनाला जखम होते. कोणाची श्रद्धा, कोणाचे दुःख, कोणाची गरिबी हे थट्टेचे विषय नव्हेत. दुबळ्याची टवाळी करायला हिंमत लागत नाही; बलवानाची चूक दाखवायला लागते. कैरोचे हृदयशल्यचिकित्सक बासिम युसूफ यांनी २०११ मध्ये विनोदी कार्यक्रम सुरू केला. जॉन स्टुअर्ट हे अमेरिकन विनोदकार त्यांचा आदर्श होते. २०१३ मध्ये स्टुअर्ट स्वतः कैरोला येऊन त्यांच्या कार्यक्रमात बसले. पण सत्ताधाऱ्यांना विनोद सोसला नाही. युसूफ यांची चौकशी झाली आणि २०१४ मध्ये कार्यक्रम बंद पडला.

मग विनोदाने युद्ध थांबते का? नाही थांबत. बॉम्ब विनोदाला घाबरत नाही. पण ज्याच्याबरोबर आपण एकदा मनापासून हसलो, त्याच्याविषयी वाईटसाईट ऐकले, तर आपण लगेच विश्वास ठेवत नाही. आधी विचारतो, ‘हे खरे आहे का?’ हा एक प्रश्नही काही कमी नाही. माझ्या मते विनोदाचे खरे काम एवढेच, आणि ते मोठे आहे.

मित्रांनो, यासाठी अमेरिकेला जायला नको. उर्दूत दोनच लिंगे, मराठीत तीन! मराठी बोलताना तुमची चूक होणारच आणि शेजारचा मुलगा हसणारच. रागावू नका. तुम्हीही हसा. मग त्याला उर्दूतील ‘काफ’ आणि ‘खे’ नीट उच्चारायला सांगा. आता दोघेही हसाल. त्या हसण्यातूनच मैत्री होईल.

गाढवे जरूर मोजा. फक्त सुरुवात आपण ज्याच्यावर बसलो आहोत, त्याच्यापासून करा.