सूर परके, वाजविणारे आपले

आपल्या चंदगड तालुक्याला कोल्हापूर दूर आणि बेळगाव जवळ. बाजार, दवाखाना, लग्नाचा बस्ता, सगळ्यासाठी आपण आधी बेळगावची गाडी धरतो, भरतीसाठीही तीच. मराठा लाइट इन्फंट्रीचे केंद्र १९२२ पासून तेथे आहे. त्यामुळे मुलाच्या कसम परेडला जाऊन आलेले आईबाप आपल्याकडे वाडीवाडीत भेटतात. परेडमधले त्यांना काय आठवते? आधी अर्थातच आपला मुलगा. त्याच्या खालोखाल पाइप बँड. काखेत पिशवी, खांद्यावर तीन नळ्या, बोटांखाली एक, आणि त्यातून निघणारा तो न थांबणारा, काहीसा रडवा, तरीही पाय उचलायला लावणारा आवाज. वाद्य स्कॉटलंडचे. आज आपल्या पलटणींचे पाइप बँड देशी चाली भरपूर वाजवतात, परंतु संचलनाच्या कित्येक जुन्या चाली अजून स्कॉटलंड-आयर्लंडच्याच आहेत. फुंकणारा मात्र नाचणी-भाताच्या शेतातून उठून गेलेला आपला गडी.

ह्या परक्या चालींचे काय करायचे, असा वाद अधूनमधून उठतो. २०२२ साली दिल्लीच्या बीटिंग रिट्रीट सोहळ्यातून ‘अबाइड विथ मी’ ही जुनी प्रार्थना वगळली गेली आणि तिच्या जागी ‘ए मेरे वतन के लोगो’ आले, तेव्हा तो बराच रंगला. एक पक्ष म्हणाला, गुलामीची खूण गेली. दुसरा म्हणाला, गांधीजींची आवडती प्रार्थना गेली. दोन्ही पक्षांनी एक गोष्ट मात्र लक्षात घेतली नाही. नव्याने आलेली चाल सी. रामचंद्रांची, म्हणजे पुणतांब्यात जन्मलेल्या आपल्या रामचंद्र चितळकरांची होती. मराठी माणसाला त्याचा आनंद व्हायला हरकत नाही, मलाही झाला. पण परके आणि आपले असा हिशेब सुरांच्या बाबतीत मांडू लागलो की तो वाटतो तितका सरळ राहत नाही, हे मला येथे सांगायचे आहे.

मुळात ज्याला आपण सरसकट ‘ब्रिटिश’ म्हणतो ते वाद्य राज्यकर्त्यांच्या दिवाणखान्यातले नव्हे. स्कॉटलंडचा उत्तरेकडचा डोंगराळ मुलूख, पाऊस भरपूर, जमीन खडकाळ आणि तुटपुंजी. वर्णन ओळखीचे वाटेल. १७४६ साली कलोडनच्या लढाईत तिथल्या बंडखोरांचा इंग्रजी सत्तेने पुरता मोड केला. त्याच वर्षी जेम्स रीड नावाच्या एका पाइपवाल्यावर यॉर्क शहरात खटला चालला. आपण हत्यार धरले नव्हते, फक्त पाइप वाजविला, असा त्याचा बचाव होता. पाइपवाल्याशिवाय ह्या डोंगरी पलटणी चालतच नाहीत, तेव्हा पाइप हेही हत्यारच, असे न्यायालयाने ठरविले आणि त्याला फासावर चढविले. पुढे त्याच डोंगरातल्या गरीब पोरांची भरती त्याच सत्तेने आपल्या फौजेत केली, आणि १८५४ मध्ये हायलँड पलटणींतील पाइपवाल्यांना सरकारी मान्यता मिळाली. ज्या वाद्यासाठी फाशी, त्याच वाद्यासाठी शंभर वर्षांनी पगार! जिंकलेल्यांचे हे वाद्य जिंकणाऱ्यांच्या फौजेबरोबर हिंदुस्थानात आले आणि येथल्या जिंकलेल्यांच्या हाती पडले. खडकाळ जमिनीवरून निघून पलटणीत जाणाऱ्या मुलाची गोष्ट त्यांची आणि आपली फारशी निराळी नाही.

आता सुरांकडे येऊ. पाइपच्या वाजविण्याच्या नळीत अवघे नऊ स्वर बसतात. खालचा कोमल निषाद, मग षड्ज, शुद्ध रिषभ, शुद्ध गंधार, शुद्ध मध्यम, पंचम, शुद्ध धैवत, पुन्हा कोमल निषाद आणि वरचा षड्ज. आपल्या संगीताच्या प्राध्यापकांना विचारा, ते लगेच सांगतील की हा सरळ खमाज थाट झाला. खांद्यावरच्या तीन नळ्या सतत षड्जच धरून असतात. आपल्या सनईवाल्याच्या शेजारी बसून जो एकच सूर भरत राहतो, त्याचे काम येथे त्या तीन नळ्या करतात. पिशवीत वारा भरलेला असतो आणि डाव्या कोपराने ती दाबत राहायचे असते, म्हणून आवाज मध्येच तोडता येत नाही, लहानमोठाही करता येत नाही. मग तोच स्वर दोनदा वाजवायचा झाला तर? तेव्हा मध्ये दुसऱ्या स्वराचा निसटता स्पर्श द्यावा लागतो. आपण त्याला कण म्हणतो. पाइपवाल्याची सगळी तालीम ह्या कणांत जाते, आणि चांगला व वाईट पाइपवाला तेथेच कळतो. ‘ऑल्ड लँग साइन’ ही निरोपाची जुनी स्कॉटिश चाल घ्या. सा रे ग प ध, एवढ्याच पाच स्वरांत ती फिरते, भूपाचेच स्वर. डेहराडूनच्या अकादमीत अधिकारी होऊन बाहेर पडणाऱ्या मुलांच्या संचलनात ती वाजते, आणि रवींद्रनाथांनी तिच्यावरच जुन्या दिवसांच्या आठवणीचे एक बंगाली गाणे रचले. रवींद्रनाथांना ती परकी वाटली नाही, मग आपण कशाला वाटून घ्यावी?

पलटणीबाहेर, आपल्या मराठी राजदरबारातही हे घडले आहे. तंजावरला व्यंकोजीराजांचे घराणे राज्य करीत होते. त्या घराण्यातील दुसरे सरफोजी, कारकीर्द १७९८ ते १८३२, यांनी आपल्या दरबारी पाश्चात्त्य वाद्यांचा वृंद बाळगला होता. त्याच मुलखातील तिरुवारूरचे मुत्तुस्वामी दीक्षितर (१७७५–१८३५), कर्नाटक संगीतातील त्रिमूर्तींपैकी एक, यांनी इंग्रजी बँडवर ऐकलेल्या चालींवर संस्कृत स्तोत्रे बांधली. आयर्लंडमधल्या मॅलो गावच्या उडाणटप्पू तरुणांची एक नाचरी चाल होती. दीक्षितरांनी तिच्यावर मीनाक्षीदेवीची वंदना बसविली. दारू पिऊन दंगा करणाऱ्या पोरांची चाल देवीच्या पायाशी गेली आणि कोणाचा धर्म बुडाला नाही. दक्षिणेत आजही ही स्तोत्रे शिकणाऱ्या मुलांना शिकवितात.

असो. चालींची जात शोधण्यात अर्थ नाही, इथवर बहुतेक वाचक माझ्याबरोबर येतील. पुढचा मुद्दा कदाचित टोचेल. पाइप बँड आपल्या पलटणीत इतकी वर्षे वाजतो आहे, परंतु तो आपल्या गावात आला का? गढवालात आला. तिथल्या पलटणींबरोबर पाइप डोंगरात गेला, गावच्या वाजंत्र्यांनी तो उचलला, त्याला मशकबीन असे नाव दिले आणि आज तो त्यांच्या लग्नाच्या वऱ्हाडापुढे चालतो. ते त्यांचे लोकवाद्यच झाले. आपल्याकडे सेवानिवृत्त जवान गावी आला की त्याची मिरवणूक निघते. चांगली गोष्ट आहे. तीत डीजे असतो. ह्या जवानाने वीस वर्षे पाइप किंवा ड्रम वाजविला असला तरी वाद्य पलटणीचे, ते तेथे जमा होते. बोटांतली विद्या मात्र तो बरोबर घेऊन येतो, आणि ती बोटे पुढे काजूच्या बिया वेचतात. त्याला “आमच्या पोरांना शिकवा” असे कोणी म्हणत नाही.

ह्याचे कारण माझ्या मते असे. आपल्या गावगाड्यात वाजविणे ही कला नव्हती, ते नेमून दिलेले काम होते. हलगी कोणी वाजवायची, सनई कोणी फुंकायची हे जन्मानेच ठरत असे. रवळनाथाच्या पालखीपुढे किंवा लक्ष्मीच्या यात्रेत हलगी कडाडल्याशिवाय देवाचे पाऊल उचलत नसे, पण हलगीवाला बसायचा मात्र पंगतीपासून लांब. चामडे शेकायला जाळ तोच पेटवायचा आणि शिळे वाढले तर तेही त्यालाच. बाबासाहेबांच्या हाकेनंतर अनेकांनी ही गावकीची कामे स्वाभिमानाने सोडून दिली, ते अगदी योग्यच झाले. १९४१ साली बेळगावलाच महार रेजिमेंटची पहिली पलटण उभी राहिली. मला हा योग फार बोलका वाटतो. तेच वाजविणे, पण पलटणीत त्याला गणवेश आहे, पगार आहे, बढती आहे, निवृत्तिवेतन आहे, आणि बँड समोरून जाताना कडेचे लोक उभे राहतात. शेतकऱ्याचा जो मुलगा गावात हलगीला हात लावणार नाही, तोच बेळगावात छाती काढून ड्रम वाजवतो, आणि घरचे त्याचा फोटो भिंतीवर लावतात. परक्या वाद्याने आपल्याला नवे सूर फारसे दिले नाहीत, ते आपल्यापाशी होतेच. त्याने वाजविणाऱ्याला मान दिला. गुलामीची खूण शोधायची असेल तर ती स्कॉटिश चालीत सापडणार नाही. ती पंगतीपासून लांब मांडलेल्या त्या पत्रावळीत सापडेल.

आणि आता हलगीचे काय होते आहे ते पाहा. जुने वाजविणारे थकले, त्यांची मुले, साहजिकच, दुसऱ्या कामाला लागली. पालखीची वेगळी, लग्नाची वेगळी, कुस्तीच्या फडाची वेगळी अशी जी हलगीची वळणे होती ती एकेका माणसाबरोबर संपत चालली आहेत. कोणी म्हणेल, ती तोंडी विद्या, ती अशीच जायची. स्कॉटलंडमधली विद्याही तोंडीच होती. जुने पाइपवाले ‘हिहारिन’सारखी अक्षरे गाऊन शिष्याला चाल शिकवीत, आपल्याकडे बोल तोंडाने म्हणून ताल शिकवितात तशीच. पुढे कोणीतरी ते लिहून ठेवले, स्पर्धा भरविल्या, म्हणून ते उरले. आयर्लंडच्या बाबतीत तर हे काम फ्रान्सिस ओनील नावाच्या, शिकागोत पोट भरायला गेलेल्या एका पोलिसाने केले. तो तिथला पोलीसप्रमुख झाला तरी गावाकडच्या चाली त्याला सोडवेनात. जो कोणी आयरिश भेटेल त्याच्याकडून तो चाली ऐकायचा, आणि जेम्स ओनील नावाचा, स्वरलिपी येणारा त्याचा पोलीस सहकारी त्या कागदावर उतरवायचा. १९०३ साली त्यांच्या ग्रंथात १८५० चाली छापल्या गेल्या. जगभरची आयरिश बँडमंडळी आजही तो उघडतात. एक ऐकणारा आणि एक लिहिणारा, बाकी काही नाही.

आपल्या महाविद्यालयात ऐकणारे पुष्कळ आहेत, आणि प्रत्येकाच्या खिशात आवाज टिपणारा मोबाइल आहे. मराठी विभाग दरवर्षी लोकसाहित्याचे प्रकल्प देतो. त्यांत ओव्या येतात, म्हणी येतात, चंदगडी बोलीचे शब्द येतात. हलगी आणि सनई का येत नाही? येत्या स्नेहसंमेलनाच्या शोभायात्रेसाठी डीजे ठरविण्याचे चालले आहे असे ऐकतो. विद्यार्थी प्रतिनिधींना माझी सूचना आहे की त्याऐवजी तालुक्यातले हलगी-घुमकेवाले आणि सनईवाले बोलवावेत, आणि पलटणीतून परतलेला एखादा पाइपवाला मिळाला तर त्यालाही. त्यांना खर्चाच्या किरकोळ रकान्यात टाकू नये. प्रमुख पाहुण्यांप्रमाणे रीतसर निमंत्रणपत्र पाठवावे, पत्रिकेवर नावे छापावीत, डीजेला दिले असते तेवढे मानधन पावतीवर सही घेऊन द्यावे, आणि जेवायला प्राध्यापकांच्या टेबलावर बसवावे.