असे छप्पन पाहिले!

नागपूरच्या महाल भागाला उन्हाळ्याचे अप्रूप नाही. मे महिना लागला की गांधी गेटपासून बडकस चौकापर्यंतचे रस्ते भर दुपारी ओस पडतात, डोक्याला दुपट्टा गुंडाळल्यावाचून कोणी उंबरठा ओलांडत नाही, कूलरला नवी ताटी बसते, खिशात कांदा ठेवणारे तो न चुकता ठेवतात, आणि सूर्य रोहिणी नक्षत्रात शिरून ‘नवतपा’ सुरू झाल्याची वार्ता पंचांग न उघडताही घरोघर पोचते. उन्हाशी असा पिढीजात परिचय असलेल्या या वस्तीला ३० मे २०२४ रोजी, नवतपा ऐन भरात असताना, आपल्या शहराचे तापमान ५६ अंश सेल्सिअस झाल्याचे वृत्त कळले. वास्तविक अशा वृत्ताने माणसाने घाबरावे. नागपूरकर हसले. पापड आता वाळत घालू नयेत, गच्चीवर नेऊन सरळ भाजूनच आणावेत, असा गृहिणींना सल्ला मिळाला. विक्रमाचा हा मान जुन्या, दाट वस्तीच्या महालाला डावलून पश्चिमेकडील झाडाझुडपांच्या शंकरनगरला मिळावा, याबद्दल खेदही व्यक्त झाला. ‘तुझ्यासारखे छप्पन पाहिले’ हा वाक्प्रचार मराठी माणूस कोणालाही ऐकवतो. तो प्रत्यक्ष सूर्याला ऐकवण्याची संधी मात्र क्वचितच येते.

वृत्त अगदीच निराधार होते असे नाही. नागपूर व परिसरात हवामान खात्याची चार स्वयंचलित केंद्रे होती. त्यांपैकी शंकरनगर भागातील कृषी विद्यापीठाच्या शेतातील केंद्राने ५६ अंश दाखवले आणि सोनेगाव येथील प्रादेशिक हवामान केंद्राच्या आवारातील यंत्राने ५४. उरलेल्या दोघांनी, म्हणजे वर्धा मार्गावरील कापूस संशोधन संस्थेच्या आवारातील आणि रामटेकच्या यंत्रांनी, मात्र ४४ अंशांवर समाधान मानले. चारपैकी दोन साक्षीदार एक सांगतात आणि दोन दुसरेच, अशी स्थिती न्यायालयात उद्भवली तर न्यायाधीश तारीख देतो. वृत्तजगताला तेवढा धीर नसतो. यंत्राने उच्चारलेला आकडा कोणा माणसाने डोळ्यांखालून घालण्यापूर्वीच देशभर पसरला. संवेदक बिघडल्यामुळे हे आकडे चुकीचे नोंदले गेले, असा खुलासा हवामान खात्याने लगोलग केला. परंतु खुलासा नेहमी पायी चालतो आणि अफवा मोटारीने जाते.

आता ५६ अंश म्हणजे काय, हे पाहू. भारतातील आजवरचे मान्यताप्राप्त सर्वोच्च तापमान राजस्थानातील फलोदी येथे १९ मे २०१६ रोजी नोंदले गेले; ते ५१ अंश होते. जगातील मान्यताप्राप्त विक्रम अमेरिकेच्या कॅलिफोर्नियातील मृत्युदरीत १० जुलै १९१३ रोजी झाला, तो ५६.७ अंशांचा. नागपूरचा स्वतःचा उच्चांक मे २०१३ मधला, ४७.९ अंशांचा. म्हणजे त्या दुपारी नागपूरने स्वतःला आठ अंशांनी मागे टाकले, फलोदीला पाच अंशांनी हरवले आणि मृत्युदरीची बरोबरी अवघ्या पाऊण अंशाने हुकवली, असे मानावे लागले असते. वर्षभर जेमतेम उत्तीर्ण होणारा विद्यार्थी अंतिम परीक्षेत एकाएकी विद्यापीठात पहिला आला, तर गुरुजी त्याला शाबासकी देण्यापूर्वी उत्तरपत्रिका पुन्हा मागवतात. महालातील हसणाऱ्यांनी नेमके हेच केले. त्यांनी आकड्याची तुलना काल-परवाच्या अनुभवाशी केली, शेजारच्या आकड्याशी केली, आणि एकाच आकाशाखाली एकाच शहरात बारा अंशांचे अंतर कसे पडावे, असा प्रश्न विचारला. या कृतीला विज्ञानात ‘पडताळा’ असे भारदस्त नाव आहे. पानठेल्यावर तिलाच थट्टा म्हणतात, एवढाच फरक.

ही थट्टा किती शास्त्रशुद्ध होती, याचा दाखला लिबियाच्या वाळवंटात सापडतो. तेथील अल् अझीझिया या ठिकाणी १३ सप्टेंबर १९२२ रोजी ५८ अंश तापमान नोंदले गेले आणि ते जगाचा विक्रम म्हणून भूगोलाच्या पुस्तकांत जाऊन बसले. पिढ्यान्पिढ्यांनी ते घोकले. जागतिक हवामान संघटनेच्या तज्ज्ञांनी अखेर जुन्या नोंदी तपासल्या आणि २०१२ साली, म्हणजे तब्बल ९० वर्षांनी, तो विक्रम रद्द केला. कारणे काय दिली? उपकरण अडचणीचे होते, निरीक्षक बहुधा नवखा होता, मोजण्याची जागा सभोवतालच्या प्रदेशाचे प्रतिनिधित्व करणारी नव्हती. शिवाय तो आकडा आसपासच्या केंद्रांशी जुळत नव्हता आणि त्याच केंद्रातील पुढच्या नोंदींशीही जुळत नव्हता. यांतील शेवटची दोन कारणे नागपूरच्या रस्त्यावर एका दुपारीत उमगली. त्यांसाठी जगाला नऊ दशके लागली, कारण छापील आकड्याला हसण्याचे धैर्य सहसा कोणी करीत नाही.

येथवर हसणाऱ्यांचे कौतुक पुरे. कारण हसून झाल्यावर बहुतेक जण घरी जातात आणि विषय संपला असे समजतात. धोका तेथेच आहे. नागपूरच्या आदल्याच दिवशी, २९ मे २०२४ रोजी, दिल्लीच्या मुंगेशपूर केंद्राने ५२.९ अंश दाखवले होते. तपासणीत ते यंत्र सुमारे तीन अंश जास्त दाखवीत असल्याचे आढळले. लोकांनी तेथेही ‘यंत्र खोटे’ एवढेच लक्षात ठेवले. पण तीन अंश वजा केल्यावर उरतात ते जवळजवळ ५० अंश! यंत्राची चूक निघाली म्हणून ऊन निघत नाही. ‘लांडगा आला रे आला’ या गोष्टीचा शेवट सर्वांना ठाऊक आहे. लांडगा शेवटी खरोखरच येतो आणि त्या दिवशी कोणी धावत नाही. अहमदाबादने २०१३ साली उष्म्यापासून बचावाचा आराखडा तयार केला आणि २०१६ साली नागपूरनेही तो मार्ग धरला. असे आराखडे संपूर्णतः आकड्यांच्या विश्वासावर उभे असतात. उद्याचे तापमान अमुक असेल, म्हणून बांधकामावरील मजुराला दुपारी सुट्टी द्या, रुग्णालयात थंड कक्ष सज्ज ठेवा, हे सांगणारा इशारा आणि ५६ अंशांचा विनोद ही दोन्ही एकाच खात्याच्या नावाने येतात. विनोदाला हसलेला मुकादम इशाऱ्यालाही हसला, तर त्याची किंमत मुकादम देत नाही. डोक्यावर घमेले घेतलेली बाई देते.

शिवाय ज्या चिकित्सेने ५६ हा आकडा उडवून लावला, तिने ४५ या आकड्यालाही दोन प्रश्न विचारायला हवेत. हा आकडा खरा आहे. पण तो कोठला? हवामानशास्त्राचा तापमापक झडपांच्या पांढऱ्या लाकडी पेटीत, उघड्या मैदानावर, जमिनीपासून सव्वा ते दोन मीटर उंचीवर, सावलीत आणि खेळत्या हवेत ठेवलेला असतो. जगभरच्या नोंदी एकमेकींशी तोलून पाहायच्या तर असा दंडक आवश्यकच आहे. परंतु शहरात त्या पेटीइतक्या सुखात फार थोडी माणसे राहतात. महालातील जुन्या वाड्यांच्या जाड भिंती दिवसभर ऊन थोपवून धरीत. वाडे पडले, त्यांच्या जागी सिमेंटचे मजले आले आणि ते दिवसा प्यायलेले ऊन रात्रभर ओकत बसतात. टिनाच्या छपराखालच्या खोलीत काय होत असेल, ते कोणत्याही अधिकृत नोंदीत येत नाही. तीच गोष्ट दमटपणाची. कोरड्या हवेत पाणी झपाट्याने उडते, म्हणून नागपुरात कूलर गारवा देतो आणि घामही आपले काम करतो. पावसाळ्याच्या तोंडावर हवा दमटली की आकडा चार अंशांनी उतरूनही जीव अधिक घाबरा होतो. म्हणजे खोटा आकडा जेवढा फसवतो, तेवढाच अर्धवट समजलेला खरा आकडाही फसवू शकतो.

यावर उपाय खर्चिक नाहीत, कंटाळवाणे आहेत. आणि म्हणूनच ते टळतात. यंत्र उभारण्याचा समारंभ होतो, ते वेळच्या वेळी तपासून घेण्याचा होत नाही. शेजारच्या केंद्रांशी न जुळणारा आकडा माणसाच्या नजरेखालून गेल्याशिवाय बाहेर पडू नये, एवढी शिस्त हवामान खात्याने पाळावी. वृत्तपत्रांनी विक्रमाच्या आधी खुलाशाची वाट पाहावी. आणि शाळांना तर याहूनही सोपे काम आहे. नागपुरात जानेवारी २०२३ मध्ये भारतीय विज्ञान काँग्रेसचे १०८ वे अधिवेशन भरले होते; पण विज्ञानाचे खरे अधिवेशन शाळेच्या आवारात एक पांढरी पेटी आणि एक तापमापक ठेवूनही भरवता येते. मुलांनी रोज नोंद करावी, दुसऱ्या शाळेच्या नोंदीशी ताडून पाहावी, आणि दोन्ही जुळल्या नाहीत तर कोणाचे चुकले ते शोधावे. अशी वही लिहिलेला विद्यार्थी उद्या कार्यालयात कारकून झाला किंवा मंत्रालयात सचिव, तरी समोर आलेला प्रत्येक आकडा मुकाट्याने पुढे सरकवणार नाही. त्याच्यापुढे ५६ अंशांचे वृत्त आले, तर तोही महालाप्रमाणे हसेल. मात्र हसून झाल्यावर उठून पेटीचे दार उघडेल आणि पारा कोठे आहे ते पाहील.